पाकिटाचा कर १२ वरून ५ झाला, मग खुल्या सेवेचा भाव का उतरत नाही?

मल्हारगंजचा सेववाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण रोज गल्ल्यावर बसून तोच तोच ऐकतोय, म्हणून शेवटी इथे टाकतो.

इंदूरला मल्हारगंजात आमचं सेवेचं दुकान. आजोबांनी भट्टी लावली, बाबांनी चालवली, आता मी बसतो. लौंग सेव, लसूण सेव, पोह्यांवर भुरभुरायची बारीक सेव, दिवाळीला चकली-शंकरपाळे, एवढाच पसारा. कारीगर झाऱ्यावर गोळा घासतो, सेव कढईत पडते, तिथून परातीत, परातीतून तराजूत आणि तराजूतून कागदात. लेबल नाही, मशीन नाही. उलाढाल दीड कोटीच्या बरीच खाली, म्हणून जीएसटीत कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत आहे. विक्रीवर एक टक्का आपल्या खिशातून भरायचा आणि गिऱ्हाईकाच्या बिलात कर दाखवायचा नाही.

घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, डोक्याला ताप झालाय. जो तो विचारतो, "भिया, जीएसटी तो कम हो गई, सेव के भाव कब उतारोगे?" एका गृहस्थांनी तर मोबाईलवर बातमीच दाखवली, नमकीन-भुजिया-मिक्सचर १२ वरून ५ टक्के. मी सांगतो, साहेब, ते लेबलवाल्या पाकिटाचं. खुली सेव आधीपासूनच ५ मध्ये आहे, आणि मी तर एक टक्केवाला. माझं काहीच कमी झालेलं नाही. त्यावर माणूस असा बघतो, जणू मी सातच्या सात टक्के गल्ल्यात टाकले.

बोलणी खायची सवय आहे, त्याचं काही नाही. खरा फटका पुढे आहे. आमच्या दोन दुकानं सोडून जो किराणावाला आहे, त्याच्याकडे मोठ्या कंपनीची एक किलोची सेव २४० ला होती. ती २२५ झाली. माझी खुली २२०. वीस रुपयांचा फरक पाचवर आला. ताज्या सेवेचे दर्दी आहेत अजून, नाही असं नाही. पण महिन्याचा किराणा भरणारी जी मंडळी नुसता भाव बघून घ्यायची, ती आता आटा-साखरेबरोबर तिथूनच पाकीट उचलतात आणि माझ्या दुकानासमोरून नमस्कार करत पुढे जातात.

भाव उतरवू म्हटलं तर कशातून उतरवू? बेसन सियागंजच्या घाऊक बाजारातून येतं, भाव रोज वेगळा. कमर्शियल गॅसचा १९ किलोचा सिलिंडर. कारीगर दिवाळीनंतर गावी गेला की परत येताना पगार वाढवूनच येतो. आणि तेल! एक किलो सेव साधारण तीनशे ग्रॅम तेल पिते, मोहनाचं धरून. तेल किलोमागे दहा रुपयांनी हललं की माझी सेव तीन रुपयांनी हलते, आणि तेल २०२४ मध्ये कसं उसळलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे.

तेव्हा जाणकारांनी सांगावं. हा कर कमी झाला त्यातलं माझ्यासारख्याच्या वाट्याला काय आलं? आणि आता कंपोझिशन सोडून रेग्युलरमध्ये, म्हणजे पूर्ण दराच्या नेहमीच्या नोंदणीत जावं का, स्वतःचं लेबलवालं पाकीट काढावं का? पुण्याची मंडळी सेव पाठवा म्हणून केव्हाची मागे लागली आहेत. भाचा म्हणतो, "मामा, आता पाचच टक्के आहे, घाबरता काय." भाचा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे विश्वास ठेवावा की नाही कळत नाही.

हिशेबनीस, रामबाग

दादा, भाच्याला नावं ठेवू नका, निम्मं बरोबर बोलतोय.

मी कर सल्लागार आहे. या दिवाळीत नमकीनवाल्यांचे एवढे फोन आले की उत्तर पाठ झालंय. तरी तुमचा प्रश्न थोडा निराळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गिऱ्हाईकांना काय सांगायचं ते. जीएसटी आला तेव्हा, जुलै २०१७ ला, नमकीन सरसकट १२ मध्ये होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिनब्रँडचं नमकीन ५ वर आणलं. पुढे जुलै २०२२ मध्ये ब्रँडची कसोटी गेली आणि आधीच पॅक करून लेबल लावलेला माल ही कसोटी आली. लेबलवालं १२, खुलं ५. आता ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत १२ आणि २८ हे दोन्ही टप्पेच काढून टाकले, म्हणून लेबलवालंही ५ वर आलं. म्हणजे तुमचं बरोबर आहे. खुल्या सेवेवर या सप्टेंबरमध्ये एक पैसा कर कमी झालेला नाही, कारण आठ वर्षांपूर्वीच तो कमी झाला होता. तेव्हा कुणी तुमच्याकडे येऊन "भाव उतरवा" म्हटलं होतं का?

किराणावाल्याच्या पाकिटाचा हिशेबही चोख आहे. २४० मध्ये १२ टक्के कर धरला तर मूळ किंमत २१४ रुपये २९ पैसे. त्यावर ५ टक्के लावा, २२५ येतात. कंपनीने कर जितका उतरला तितकाच भाव उतरवला, ना कमी ना जास्त.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. सगळे विचारतात की कर कपातीचा फायदा ग्राहकाला पोचला का. तुमच्या बाबतीत विचारायला हवं ते हे, की तुमची आणि मोठ्या कंपनीची बरोबरी कितपत झाली. शंभर रुपयांच्या विक्रीवर बघू. समजा त्यात तेल २५ रुपयांचं (कर ५ टक्के), गॅस ५ रुपयांचा (१८ टक्के), थैल्या-लेबलं ४ रुपयांची (१८ टक्के). बेसनाचं पोतं २५ किलोपेक्षा मोठं असेल तर त्यावर करच नाही. म्हणजे कच्च्या मालावर भरलेला कर झाला १.२५ अधिक ०.९० अधिक ०.७२, एकूण २ रुपये ८७ पैसे.

रेग्युलरवाला याची क्रेडिट घेतो, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करतो. १२ टक्के होते तेव्हा शंभरातले १० रुपये ७१ पैसे कर, त्यातून २.८७ वजा, सरकारला रोखीत ७ रुपये ८४ पैसे. तुम्ही कंपोझिशनवाले, क्रेडिट नाही, पण भरायचा फक्त १ रुपया. म्हणजे शंभरामागे तुमच्या बाजूला ६ रुपये ८४ पैशांची भिंत होती. तुम्हाला ती कधी दिसली नसेल, पण तिच्या सावलीत तुमचं दुकान उभं होतं.

आता रेग्युलरवाल्याला शंभरात ४ रुपये ७६ पैसे, वजा २.८७, उरले १ रुपया ८९ पैसे. तुमचा रुपया तसाच. भिंत राहिली ८९ पैशांची.

म्हणून मी म्हणतो, या कपातीत तुम्हाला काही मिळालं नाही एवढंच नाही, तुमच्याकडे जे होतं ते गेलं. कुणी काढून घेतलं नाही, कायदाही मोडला नाही. फक्त समोरच्याचं ओझं उतरलं आणि तुमचं होतं तेवढंच राहिलं. एक दर असावा, खुलं आणि पाकीट असा भेद नसावा, ही मागणी जुनी आणि रास्त होती. सेव कुठली आणि कुरकुरीत एक्सट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेला, माल कुठला यावर पानंच्या पानं भांडणं झाली आहेत, ती थांबली हे चांगलंच झालं. मी स्वतः या बदलाच्या बाजूचा आहे. पण "लहान उद्योजकाला दिलासा" असं जे छापून येतं, त्यातला लहान उद्योजक म्हणजे तुम्ही नव्हे. त्यातला लहान उद्योजक सांवेर रोडवर पाकिटं भरणारा, तीन-चार कोटींची उलाढाल असलेला. त्याला खरोखर दिलासा मिळाला.

आता रेग्युलरमध्ये जायचं का. पहिली गोष्ट, लेबलवालं पाकीट काढायला कंपोझिशन सोडावं लागत नाही. हा गैरसमज इंदूरभर आहे. कंपोझिशनमध्ये राहून पाकीट विका, एक टक्काच लागेल. खाद्य परवान्याचा नंबर, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, हिरवा ठिपका हे सगळं लेबलवर हवं आणि वजन-माप खात्यात पॅकर म्हणून नोंदणी हवी, बस.

सोडावं लागतं ते दोन कारणांनी. एक, राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर. कंपोझिशनवाल्याला आंतरराज्य विक्री चालत नाही. पुण्याचा पाहुणा दुकानात येऊन दोन किलो घेऊन गेला, त्याला हरकत नाही. तो ती पुण्यात खातो की सासवडला, तुमचा संबंध नाही. पण तुम्ही तुमच्या बिलावर, तुमच्या नावाने कुरिअर केलंत की ती आंतरराज्य विक्री झाली. (आजवर काय केलंत ते इथे जाहीर लिहू नका.) दुसरं कारण, तुमचा माल दुसरा दुकानदार विकायला घेणार असेल आणि तो रेग्युलरमध्ये असेल, तर त्याला तुमच्याकडून क्रेडिट हवी असणार. ती तुम्ही देऊ शकत नाही.

विक्री सगळी गल्ल्यावरची असेल तर ८९ पैसे जास्त भरून, वर रिटर्नं भरायला माझ्यासारख्याला पोसायचं कारण नाही. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन लिहितोय.

सुदामानगरच्या काकू

मी हिशेबातली नाही, घर चालवणारी आहे, म्हणून थोडक्यात.

मोठ्या पाकिटाचा भाव उतरला हे खरं. पण दहा रुपयांच्या पाकिटाचं काय? हिशेबनीसांच्याच रीतीने केलं तर ते ९ रुपये ३७ पैशांना यायला हवं. ३७ पैसे कोण कुणाला देणार? मग वजन वाढवायला हवं, ३० ग्रॅमचं ३२. आमच्या इथे एकाने वाढवलं, दुसऱ्याने वाढवलं की नाही ते बघायला मला चष्म्यावर चष्मा लावावा लागतो, इतक्या बारीक अक्षरात मागे लिहिलेलं असतं. आणि गरीब माणूस दहाचंच पाकीट घेतो, किलोचं नाही. आमच्याकडे कामाला येते तिला राज्याच्या लाडली बहना योजनेचे महिन्याला नोव्हेंबर २०२५ पासून १२५० चे १५०० झाले. तिची पोरं शाळेतून आली की दहा रुपयांचं पाकीटच मागतात. करातली बचत तिच्यापर्यंत दोन ग्रॅमनी पोचली, पोचली असेल तर. आणि हातात दिलेले अडीचशे तिला पूर्ण दिसले. त्याला रेवडी म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

तक्रार कुठे करायची तेही सांगा कुणीतरी.

आणि सेववाले दादा, ताजी सेव पाकिटापेक्षा पाच रुपये महाग झाली तरी मी घेईन, पण तोलताना कागदाचं वजन धरू नका.

हिशेबनीस, रामबाग

काकू, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. पण खरी गंमत ऐका. कर उतरला आणि दुकानदाराने भाव उतरवला नाही तर त्याला नफेखोरी म्हणतात, जीएसटी कायद्यात त्यासाठी कलम १७१ आहे. त्याखाली नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५ पासून बंद केलं. आणि एवढी मोठी दरकपात आली त्याच वर्षी सप्टेंबरात. दार आधी लावून घेतलं आणि पाहुणे नंतर बोलावले. सरकारचं म्हणणं असं की स्पर्धाच भाव खाली आणेल. सेववाल्या दादांच्या गल्लीत स्पर्धेने आणलाही, मान्य करायला हवं. दहाच्या पाकिटात स्पर्धा चालते ती चवीवर आणि जाहिरातीवर, ग्रॅमवर नाही.

तुमचा रेवडीचा मुद्दा मात्र मी पटकन मान्य करणार नाही. ते पैसे कर्जातून येतात की करातून हे कुणी विचारत नाही. दरकपातीने सरकारचं सुमारे ४८,००० कोटींचं उत्पन्न जाईल असा केंद्राचाच अंदाज होता, आणि त्यातला राज्यांचा वाटाही कमीच होणार. एका हाताने कर सोडायचा आणि दुसऱ्या हाताने खात्यात रक्कम टाकायची, हे दोन्ही एकदम किती वर्षं जमणार? पण तो वेगळा धागा होईल.

पुण्यात अडकलेला इंदुरी

कायदा वगैरे ठीक आहे, पण मल्हारगंजची लसूण सेव पुण्याला कधी येतेय ते आधी सांगा. इथे सेव म्हणून जे मिळतं त्याच्यावर पोहे रुसतात.

देवासकर शेतीवाला

सगळे सेवेवर बोलताय, तेलावर कुणी बोलत नाही, म्हणून मध्ये पडतो. देवासच्या पुढे सोनकच्छकडे आमची शेती आहे, खरीपाला सोयाबीन, रब्बीला गहू-हरभरा. म्हणजे सेववाल्या दादांच्या कढईतलं तेल आणि बेसन दोन्ही आमच्याकडून निघतं.

दादा म्हणतात तेल उसळलं. उसळलं कारण १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलाच्या आयातीवरचं शुल्क वाढवलं. सगळे उपकर धरून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस. तेव्हा माळव्यात सोयाबीनला क्विंटलमागे सहा हजार भाव मागत ट्रॅक्टर मोर्चे निघत होते, मीही गेलो होतो. आम्हाला सांगितलं, बाहेरचं तेल महाग केलं की तुमच्या सोयाबीनला भाव येईल. मग मे २०२५ च्या शेवटाला शहरातली ओरड ऐकून तेच शुल्क साडेसोळावर आणलं.

आता मला सांगा, भाव आला का? २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये, २०२५-२६ चा ५३२८. मंडईत २०२५ च्या हंगामात चार हजारांच्या आसपास, आणि माल ओला असेल तर त्याच्याही खाली. वरून त्याच हंगामात पिवळा मोझॅक रोग, शेंगा भरल्याच नाहीत.

भाव का आला नाही, ते कागद-पेन्सिलीने बघा. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलो. बाकी ऐंशीएक किलो पेंड, म्हणजे आमच्याकडे जिला डीओसी म्हणतात ती. तेल किलोला दहा रुपयांनी चढलं तर क्विंटलमागे १८० रुपये आले. पण डीओसी किलोला पाच रुपयांनी पडली तर ४०० गेले. आणि डीओसी का पडली? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं म्हणून मका-तांदळाच्या डिस्टिलऱ्या लागल्या, त्यांचा जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यवाल्यांना स्वस्तात मिळतो. ते आमची डीओसी कशाला घेतील? इंदूरचे सोयाप्लांटवाले हेच रडगाणं गातात. एका मंत्रालयाने तेलावर शुल्क लावून आम्हाला वर खेचलं आणि दुसऱ्याने इथेनॉलने खाली ओढलं. मक्यावाला शेतकरी खूश आहे, त्याचं मी वाईट चिंतत नाही. पण सोयाबीनवाल्याला तेलाच्या शुल्काने तारलं असं कुणी म्हणू नये.

२०२५ मध्ये राज्याने भावांतर योजना पुन्हा आणली, २०१७ मध्ये होती तीच कल्पना. मंडईत विका, हमीभाव आणि मॉडेल रेट (मंडयांतल्या भावांची सरकारने काढलेली सरासरी) यातला फरक खात्यात. खात्यात पैसे आले, खोटं बोलणार नाही. पण मेख अशी की तुम्ही मॉडेल रेटच्या खाली विकलंत तर फरक मॉडेल रेटपर्यंतचाच मिळतो, त्याखालचं नुकसान तुमचं. माझ्या ओल्या पोत्यांना भाव कमी लागला तो माझ्याच अंगावर. आणि व्यापाऱ्याला माहीत असतं की फरक सरकार देणार आहे, तर तो बोली कशाला वाढवेल? २०१७ मध्येही हीच बोंब होती.

बेसनाचं तेच. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा बिनशुल्क सोडला, तो ऑक्टोबर २०२५ पर्यंत येतच राहिला; १ नोव्हेंबरपासून कुठे ३० टक्के शुल्क लागलं. तो वाटाणा दळून कशात जातो हे सियागंजात कुणालाही विचारा. हरभऱ्याच्या भावाला फटका बसला तो असा.

दादांना दोष देत नाही. पण तुम्ही म्हणता तेल स्वस्त हवं, आम्ही म्हणतो सोयाबीनला भाव हवा. हे दोन्ही एकाच शुल्काच्या बटणावर ठेवलंय, ते कसं जमायचं?

मल्हारगंजचा सेववाला

सगळ्यांचे आभार. देवासकर भाऊ, तुमचं वाचून रात्री गल्ला मोजायच्या आधी हिशेब मांडला. समजा बाहेरून येणारं कच्चं तेल किलोला शंभर रुपये. शुल्क धरून आधी १०५.५०, सप्टेंबर २०२४ नंतर १२७.५०, मे २०२५ नंतर ११६.५०. माझ्या किलोभर सेवेत तीनशे ग्रॅम. म्हणजे आधी ६ रुपये ६० पैसे चढले, मग ३ रुपये ३० पैसे उतरले. उरलेले ३ रुपये ३० पैसे अजून माझ्याच अंगावर आहेत. खुल्या सेवेवर केंद्राचा हात पडला तो हा, जीएसटीचा नाही. आता उद्यापासून "भिया, जीएसटी" म्हणणाऱ्याला मी सीमाशुल्क सांगणार, बघू किती वेळ ऐकतो.

आणि एवढं महाग तेल मी घेतलं, तरी तुमच्या पोत्यापर्यंत काही पोचलं नाही, हे वाचून मात्र वाईट वाटलं. मी आजवर समजत होतो की तेल महाग म्हणजे गावाकडे मजा चाललीय. शुल्काचे पैसे सरकारच्या खात्यात, फरकाचे पैसे रिफायनरीच्या खात्यात, आणि आपण दोघं एकमेकांकडे संशयाने बघतोय. तरी एक गोष्ट मला पटत नाही. तुम्ही म्हणता हे एकाच बटणावर ठेवलंय. मग भावांतरच बरी की. तेल स्वस्त राहू द्या, आणि तुम्हाला द्यायचं ते सरळ खात्यात द्या, काकूंच्या कामवालीला देतात तसं. व्यापारी बोली पाडतो म्हणता, तर तिथे लक्ष घालायला हवं.

मटऱ्याच्या, म्हणजे त्या पिवळ्या वाटाण्याच्या, बेसनाचं म्हणाल तर माझ्याकडे दर महिन्याला एक जण तसल्या पोत्याचा नमुना घेऊन येतो. किलोमागे बऱ्यापैकी स्वस्त पडतं. सेव दिसायला तशीच होते, पण तोंडात टाकली की आधी कडक लागते आणि मग पीठ जिभेवर राहतं. आमचा कारीगर गोळा हातात घेतानाच सांगतो, "इसमें मटरा है, लोच नी है." मी घेत नाही. मोठेपणा म्हणून नाही. पाकिटापुढे माझ्याकडे चवीशिवाय दुसरं राहिलंय काय?

काकू, कागदाचं वजन धरत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, कागद ठेवून शून्य करतो, या वेळी आलात की डोळ्यांनी बघा.

हिशेबनीस साहेब, तुमची भिंत वाचून दोन दिवस नीट झोप लागली नाही, पण समजलं. ठरवलंय ते असं. दुकान आहे तसंच कंपोझिशनमध्ये ठेवतो. लसूण सेवेचं अर्ध्या किलोचं लेबलवालं पाकीट काढतो, दुकानातूनच विकायला, म्हणजे किराणा भरणाऱ्या मंडळींना घाई असेल तर उचलून नेता येईल. खुली २२० लाच ठेवणार. उतरवली तर तेल थोडं जरी हललं तरी घाट्यात जाईन. पुण्याचं अजून मन होतंय. समजा उद्या पुण्यातला एखादा दुकानदार पक्का झाला आणि रेग्युलरमध्ये जायचं ठरलं, तर त्या दिवशी गोदामात तेल आणि थैल्या पडलेल्या असतील, त्यांच्यावर मी आधीच भरलेला कर बुडाला का?

हिशेबनीस, रामबाग

बुडत नाही. कंपोझिशन सोडायचं ठरलं की जीएसटीच्या पोर्टलवर सीएमपी-०४ हा फॉर्म भरायचा. त्यानंतर ज्या दिवसापासून रेग्युलर झालात, त्याच्या आदल्या दिवशी जो माल शिल्लक आहे त्यावरची क्रेडिट मिळते. तेल, थैल्या, आणि तयार सेवेत जे गेलं ते सुद्धा. त्यासाठी आयटीसी-०१ हा फॉर्म, तीस दिवसांत. बिलं एका वर्षाच्या आतली हवीत आणि तुमच्या जीएसटी नंबरावर फाडलेली हवीत. सियागंजात रोखीने, कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले डबे यात धरता येणार नाहीत, तेव्हा आजपासून पक्कं बिल मागायला लागा.

पुण्याच्या दुकानदाराला आधी विचारा की तो स्वतः रेग्युलरमध्ये आहे का. तोही कंपोझिशनवाला निघाला तर त्याला तुमच्या क्रेडिटचा काही उपयोग नाही. मग तो पाच टक्के धरूनच भाव करेल, आणि तुमचा तिथला भाव त्याच हिशेबाने काढावा लागेल. शिवाय नंबर एकच असल्यामुळे पुण्यासाठी रेग्युलर झालात की मल्हारगंजच्या गल्ल्यावरची सगळी विक्रीही रेग्युलरमध्ये येते. एका दुकानदाराच्या महिन्याच्या वीस किलोसाठी हे करू नका. निदान दोन-तीन दुकानं पक्की होऊ द्या, मग लेबलाचा नमुना घेऊन या, बसू.

पुण्यात अडकलेला इंदुरी

कोथरूडला माझ्या ओळखीचा एक दुकानदार आहे, रेग्युलरवाला. नंबर इथे टाकत नाही, दादा, खासगीत निरोप पाठवतो. लसूण सेवेचा नमुना मात्र मीच न्यायला येतो, म्हणजे आंतरराज्य होणार नाही.